शेवटची ओळ कोणाची

ताई आमच्या ऑफिसात आल्या त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची वेणी कापली. मीटिंग चालू होती. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, नव्या कामाबद्दल काहीतरी सांगत होते. ताईंच्या हातून पेन पडला, तो उचलायला त्या खाली वाकल्या आणि वेणीचं टोक खुर्चीच्या चाकात गेलं. त्यांनी एकदा ओढून पाहिलं. दुसऱ्यांदा ओढलं नाही. वाकल्या वाकल्याच टेबलाच्या खणातली कात्री घेतली, मानेपाशी कचाकच चालवली, सरळ बसल्या, चाकातली वेणी सोडवून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "हं भाऊ, बोला. कुठवर आलते तुम्ही?"

भाऊंना पुढचं काही आठवेना. चांगली कमरेखाली जाणारी वेणी होती. चाळिशी ओलांडलेल्या बाईने ती अशी, बोलणं न तोडता कापून टाकावी, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. दुपारी हिंमत करून विचारलं, "ताई, एवढी छान वेणी... सोडवता आली असती ना?"

"आली असती," त्या म्हणाल्या. "पन त्यात टाइम गेला असता."

यवतमाळात एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जिल्ह्यातल्या रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना लागणारा प्रोग्राम आम्ही बनवत होतो. लॅबचं मशीन तपासणी करतं आणि निकाल एका लांबलचक मजकुरात पाठवतं. त्या मजकुरात प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर टोकदार कंसातली खूण असते: इथे नाव सुरू, इथे नाव संपलं, इथे रक्तगट सुरू, इथे संपला. त्या खुणा शोधून, मजकूर सुटा करून, माणसाला वाचता येईल असा कागद छापायचा, हे आमच्या प्रोग्रामचं काम. माझं काम फोन घेण्याचं. दारव्ह्याहून, वणीहून, राजूरहून लॅबवाले फोन करायचे आणि मी त्यांना "बंद करून चालू करा" सांगायची.

ताई दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातल्या. शिकायला बाहेर गेल्या, मग दक्षिणेत कुठल्याशा मोठ्या कंपनीत बरीच वर्षं होत्या. कम्प्युटरचा प्रोसेसर आतून कसा चालतो, हा त्यांचा विषय. आईला, त्यांच्या शब्दात याडीला, अर्धांगवायूचा झटका आला तशी नोकरी सोडून परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं तर सांगायच्या, "एकानं इचारलं होतं. त्याचं बोलनं लय हळू होतं."

त्यांनी आमचा प्रोग्राम पहिल्यांदा चालवून पाहिला तेव्हा मी शेजारी होते. त्यांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. भाऊ केबिनमधून बाहेर आले.

"भाऊ, हे तं एकेक अक्षर वाचते! पहिलीतलं पोट्टं वाचते तसं! हे अक्षर कंस हाय काय? नाही. हे हाय काय? नाही. हे? नाही. अरे बापा, कधी वाचीन हे?"

"मग कसं वाचणार?" भाऊ जरा दुखावून म्हणाले. तो प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला.

"आमचे पणजोबा बैलाईच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव नेत," ताई म्हणाल्या. "एकेका बैलाच्या कानात जाऊन 'वळ बाबा' सांगत नसत. एक हाक देत, अन् अख्खा तांडा वळे. या प्रोसेसरच्या पोटात तशी हाक हाय. खास हुकूम हायेत. एका हुकमात बत्तीस अक्षरं उचलते अन् एका झटक्यात सांगते, यातली कंस कोनती. तुमच्या या मशीनमंदी पन हाय ते. इतकी वर्षं पोटात घेऊन बसलं हाय बिचारं, कोनी हाकच देल्ली नाही."

मला त्यातलं काही कळलं नाही. भाऊंना कळलं, कारण ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

ताईंनी तो भाग नव्याने लिहिला. घाटंजीची एक लॅब मोठमोठी शिबिरं घ्यायची, एका दिवसात अख्ख्या गावाचं रक्त. त्या शिबिराचे कागद निघायला आधी दुपारची संध्याकाळ व्हायची. नवा प्रोग्राम बसवला त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज चिडलेला. "अहो, तुमचं चालूच होत नाही. बटन दाबलं तर नुसतं 'झालं' म्हणून येतं."

मी फोन ताईंकडे दिला. "झालं म्हनते तं झालंच असन," त्या म्हणाल्या. "प्रिंटर पाहा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "आई शपथ."

तो आनंद ताईंना पुरला नाही. त्या रोज प्रोग्राम उघडायच्या आणि त्यातलं काहीतरी काढून टाकायच्या. हे बिनकामाचं, ते बिनकामाचं. काढलं की चालवून बघायच्या. किती वेगाने झालं ते फळ्यावर लिहायच्या, आणि समोर उभं राहून, एखादी आई पोराच्या बक्षिसाकडे बघते तसं त्या आकड्याकडे बघायच्या.

पण ताईंची ओळख सांगायची तर वेगाची नाही, खरं बोलण्याची सांगावी लागेल. त्याने आम्ही जास्त हादरायचो. माणूस खरं बोलतो म्हणजे काय, तर विचारलं तर खरं सांगतो. ताई न विचारता सांगायच्या. वणीच्या एका लॅबवाल्याचा फोन स्पीकरवर होता, भाऊ त्याला समजावत होते की गडबड बहुतेक तुमच्या विजेमुळे झाली असेल. ताई तिकडून चहाचा कप घेऊन जात होत्या. थांबल्या आणि फोनवर वाकून म्हणाल्या, "वीज नाही हो, चूक आमचीच हाय. आमाले परवापासून मालूम हाय." भाऊंनी कपाळावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

अधूनमधून ऑफिसात येऊन बसणारे भाऊंचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. जो तो सांगत होता, देवमाणूस होते, कोणाला कधी वावगं बोलले नाहीत. मी ताईंचा पदर धरून बसले होते, पण उपयोग झाला नाही. "मले तं शिव्या देत," ताई म्हणाल्या. "पन शिव्या लय झकास देत. तशा मी दुसऱ्या कोनाच्या तोंडून ऐकल्या नाही." आणि मग भाऊंची आई, जी चार दिवस कोणाशी बोलली नव्हती, ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

भाऊंनी ताईंना ठेवून का घेतलं होतं, त्याचं एक कारण मला त्या दिवशी कळलं.

आता त्या फोनबद्दल सांगते.

त्याच घाटंजीच्या लॅबमधून टेक्निशियनचा फोन आला. सकाळची वेळ. मी नेहमीप्रमाणे "बंद करून चालू करा" म्हणणार, तर तो म्हणाला, "मॅडम, एका पोट्टीची सोयरीक मोडली हो आपल्या कागदापायी."

आमच्या भागात सिकलसेल घरोघरी आहे. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, माणूस दुखण्याने तळमळतो. काही जण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर पोरांना आजार होऊ शकतो. म्हणून हल्ली सोयरीक जुळवताना सिकलचा कागद आधी मागतात. प्रतीक्षा नावाच्या त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा वाहक होता, त्याने ते लपवलं नव्हतं. मुलगी वाहक नसली की झालं, म्हणून तिने गावातल्या शिबिरात रक्त दिलं. कागदावर आलं: वाहक.

"तिच्या बापानं यवतमाळले दुसऱ्या जागी तपासलं, तं तिथं नॉर्मल," टेक्निशियन सांगत होता. "मी आमच्या मशीनमंदली मूळ फाइल काढून पाह्यली, तिच्यातही नॉर्मल हाय. मंग तुमचा प्रोग्राम वाहक कसा छापते? पोराकडचे तं म्हनून राह्यले का बापानं ओळखीनं दुसरा रिपोर्ट काढून आनला. पोट्टी विहिरीच्या काठावर जाऊन बसते म्हनतात. माय तिच्या मांगं मांगं फिरते."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खुर्ची माझ्याजवळ ओढली.

चूक सापडायला त्यांना फार वेळ लागला नाही. सापडली तेव्हा त्या ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या.

"माह्यानं झालं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला समजावलं ते असं. प्रोग्राम एकच जागा पुन्हा पुन्हा वापरतो, जशी शाळेतली पाटी. एकीचा मजकूर त्या पाटीवर येतो, वाचून होतो, मग त्याच पाटीवर दुसरीचा येतो. जुना प्रोग्राम एकेक अक्षर वाचायचा, मजकूर संपला की थांबायचा. नवा बत्तीस अक्षरं एकदम उचलतो. मजकूर मध्येच संपला तरी तो बत्तीसच उचलणार. दुसरीचा मजकूर आखूड असला तर खाली पहिलीचा उरलेला भाग तसाच असतो, तोही हातात येतो. हे ताईंना माहीत होतं. म्हणून त्यांनी सुरुवातीला मजकुराच्या शेवटी कोरी जागा भरायची सोय केली होती. मग एक दिवस, बिनकामाचं म्हणून, एका ठिकाणची ती सोय काढून टाकली होती.

प्रतीक्षाच्या आधी जिचं रक्त घेतलं, तिचा मजकूर लांब होता. त्याची शेवटची ओळ सिकलची होती: वाहक. ती ओळ प्रतीक्षाच्या मजकुराला चिकटली. एकाच गोष्टीची दोन उत्तरं आली की आमचा प्रोग्राम शेवटचं धरायचा.

ताईंनी ती सोय परत घातली. मग सवयीने प्रोग्राम चालवून वेग पाहिला. पुन्हा पाहिला. फळ्याकडे गेल्या, खडू हातात घेतला, आणि लिहिलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही फरकच नाही पडला," त्या म्हणाल्या. "घातलं तरी तेवढाच टाइम, काढलं तरी तेवढाच." खडू त्यांच्या हातात मोडला. "हे कायले काढलं होतं मी? सांग ना. काहून काढलं होतं?"

मी त्यांना त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी आतापर्यंतचे सगळे साठवलेले मजकूर जुन्या, हळू प्रोग्रामवर चालवले आणि नव्याशी ताडून पाहिले. कुठे एखादी रिकामी ओळ वाढली होती, कुठे पत्ता दोनदा आला होता. निकाल बदललेला हा एकच. भाऊ म्हणाले, आपण लॅबला सुधारलेला कागद पाठवू, ते देतील गावात. ताई तोवर चपला घालत होत्या. "चाल," मला म्हणाल्या.

घाटंजीला आधी डॉक्टरांना भेटलो. ताईंनी त्यांना पाटीपासून सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टरांनी नीट छापलेला कागद सहीनिशी दिला आणि विचारलं, "गावात काय सांगाल?"

"जे झालं ते."

पुढे जीपने गेलो. जीप भरलेली होती, ताई अंग चोरून बसल्या होत्या आणि नेहमीसारखं ड्रायव्हरला "दाब ना भाऊ" म्हणत नव्हत्या.

प्रतीक्षाच्या घराच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. आम्ही येतोय हे टेक्निशियनने कळवलं होतं, म्हणून तिच्या वडिलांनी मुलाच्या मामांनाही बोलावून घेतलं होतं. मामा खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. ओसरीतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली प्रतीक्षा बसली होती. बसली होती म्हणजे तिला बसवलं होतं. आईचा हात तिच्या दंडाला घट्ट धरलेला.

"जय भीम," ताई म्हणाल्या. बसल्या नाहीत. "तुमच्या पोरीच्या कागदावर वाहक लिवलं हाय ते खोटं हाय. लॅबची चूक नाही. मशीनची नाही. पोरीच्या बाबाईनं कोनाची ओळख लावली नाही. चूक माही हाय."

प्रतीक्षाच्या आईने तोंडाला पदर लावला. वडील उठून उभे राहिले आणि काय करावं न कळून पुन्हा बसले.

"सुनयना, पानी आन बाई पाव्हन्याईले," कोणीतरी आत हाक मारली.

सुनयना. प्रतीक्षाच्या आधीचा तो लांब मजकूर मी ताईंच्या पडद्यावर पाहिला होता. त्यावर हेच नाव होतं, हेच आडनाव. ही प्रतीक्षाची चुलत बहीण. आम्हा दोघींपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की पडद्यावरची ती ओळ याच घरात, ग्लासांचा ट्रे घेऊन, आमच्यासमोर उभी राहील.

मी ताईंचा हात दाबला. त्या बोलतच होत्या.

"पाटीवर पहिले एकाचं लिवलेलं असते. त्याच्यावर दुसऱ्याचं लिवलं अन् ते आखूड पडलं, तं खालचं पहिल्याचं—"

"थांबा," मामा म्हणाले. गावच्या बैठकांत बोलायची सवय असलेला माणूस. "म्हन्जे हे ओळ दुसऱ्या कोनाची हाय. बरोबर?"

ताई थांबल्या.

"मंग कोनाची? हिच्या आधी रक्त द्यायले कोन होतं?"

कोणी मुद्दाम पाहिलं नाही. पण शिबिर गावातच झालं होतं, रांग सगळ्यांनी पाहिली होती. एका बाईने "हिच्या आधी तं..." म्हटलं आणि जीभ चावली. एकेक मान वळायला लागली. सुनयना ट्रे घेऊन अंगणाच्या मधोमध होती. ग्लास एकमेकांवर वाजत होते.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं. ताईंना उत्तर द्यायला वेळ लागतो हे मी त्या अंगणात पहिल्यांदा अनुभवलं. मला वाटलं, आता ही बाई खरं बोलणार. तिला दुसरं काही येतच नाही.

"कोनाचीच नाही," ताई म्हणाल्या.

"अशी कशी कोनाची नाही? तुम्हीच तं आता—"

"पाटीचं मी तुमाले समजावं म्हनून सांगतलं. खरं सांगतो तं लाज वाटते." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कान लालबुंद झाले होते. "माहा प्रोग्राम मनानंच ओळी बनवते. येड लागलं त्याले. कोनाच्याही कागदावर काहीही छापते. मी लय हुशारी दाखवाले गेली, घाईघाईनं लिवला, अन् तो बिघडला. हे ओळ त्यानं मनानं बनवली."

मी सतरंजीवर बसले.

"मंग बाकीच्याईचे कागद?" मामांचा आवाज चढला. "आमच्या पोराचा? या गावाचा?"

"सगळ्याईचेच पुन्हा तपासा. डॉक्टरले मी सांगतो. एकही कागद धरू नका खरा."

त्यानंतर त्या अंगणात जे झालं ते मी तपशिलात सांगत नाही. ज्याचा चांगला आला होता तो घाबरला, ज्याचा वाईट आला होता तो चिडला. एक म्हातारा काठी टेकत ताईंच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, "शिकून हेच केलं काय व बाई?" ताई खाली मान घालून उभ्या होत्या. ज्या प्रोग्रामच्या एका आकड्यासाठी त्या फळ्यासमोर उभ्या राहायच्या, त्याला सगळं गाव तोंडावर वेडा म्हणत होतं, आणि त्या "हो, हो" करत होत्या.

सुनयनाने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.

पुढचं थोडक्यात. खरं माहीत असूनही डॉक्टरांनी ताईंच्या शब्दाखातर सगळ्या गावाचं रक्त पुन्हा घेतलं. मामांच्या डोळ्यांदेखत प्रतीक्षाची तपासणी झाली, चांगली आली, आणि लग्न लागलं. पण वेड लागलेल्या कम्प्युटरची गोष्ट बाजारात पोचली, तिथून तालुक्यांत. लॅबवाले एकामागून एक आम्हाला सोडायला लागले. भाऊंनी ताईंना बोलावलं. मी तिथेच होते.

"एक पत्रक काढू," भाऊ म्हणाले. "खरं काय झालं तेवढंच सांगू. प्रोग्राम मनाने बनवत नाही, मागच्या रिपोर्टातली ओळ आली, आता दुरुस्त केलं. यात खोटं काही नाही ना?"

"नाही."

"मग?"

"मागची कोन, ते गाव हिशेब करून काढीन."

"ताई, तुम्ही माझ्या बापाबद्दलही खरं बोलला होतात!"

"तुमचे बाबा मेले होते भाऊ," ताई म्हणाल्या. "ते पोट्टी जित्ती हाय."

त्या आठवड्यात त्यांनी ऑफिस सोडलं. भाऊंनी काढलं नाही, पण थांबाही म्हटलं नाही.

अंगणातल्या त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. गावाबाहेर फाट्यावर आम्ही जीपची वाट बघत उभ्या होतो तेव्हा सुनयना शेतातल्या वाटेने धापा टाकत आली होती. ताईंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ते ओळ माही होती."

"मले मालूम नाही," ताई म्हणाल्या.

"तुमाले मालूम हाय. मले आधीपासूनच मालूम हाय मी वाहक हाव म्हनून. माह्या मायले मालूम हाय. बस." तिने मागे गावाकडे पाहिलं. "कोनी मले इचारलं तं काय सांगू?"

"जेव्हा सांगावं वाटन तेव्हा सांग. नाही वाटलं तं नको सांगू. तोवर सांग, कम्प्युटर येडा होता."

तिने ताईंचे दोन्ही हात धरले. जीप आली. गाव मागे पडल्यावर ताई म्हणाल्या, "काय व, लोकं हे रोज करतात?"

"काय?"

"खोटं बोलतात. इतका त्रास होते याचा? मले वांती होऊन राह्यली."

मी आता दुसरीकडे नोकरी करते. ताई तांड्यात आहेत, याडीजवळ. तिथूनच बाहेरच्या कंपन्यांची कामं करतात. मधूनमधून फोन होतो.

परवा कामानिमित्त घाटंजीला गेले होते, आठवडी बाजाराचा दिवस. शाळेच्या आवारात सिकलचं शिबिर चालू होतं. लाउडस्पीकरवर एका बाईचा आवाज येत होता, "घाबरू नका, रांगेत उभं राहा." आवाज ओळखीचा वाटला म्हणून आत डोकावले. माइकवर सुनयना. कडेवर लहान मूल. आरोग्य खात्याच्या बायकांबरोबर उभी होती.

"मी सोता वाहक हाव," ती माइकवर बोलत होती. एवढ्या मोठ्या गर्दीत, मान वर करून. "माह्या नवऱ्यानं तपासून घेतलं, तो वाहक नाही. आमी इचार करून लग्न केलं. तवा माहीच ओळ माह्या बहिनीच्या कागदावर गेली होती. लोकं म्हनत कम्प्युटर येडा झाला. कम्प्युटर येडा नव्हता. ते ओळ माही होती."

मी तिथेच एका बाकावर टेकले. तिथूनच ताईंना फोन लावला. पलीकडे वाटी-चमच्याचा आवाज येत होता, त्या याडीला भरवत होत्या. मी ऐकलं ते सगळं सांगितलं.

चमच्याचा आवाज थांबला.

"तिनं सोता सांगतलं?"

"स्वतः. माइकवर."

"कोनी जबरदस्ती नाही केली?"

"नाही ताई. कडेवर पोर घेऊन सांगितलं."

"मंग आता भाऊले फोन लाव," ताई म्हणाल्या. "सगळ्या लॅबवाल्याईले लाव. त्याईले सांग, माहा प्रोग्राम मनानं काही बनवत नव्हता. जे होतं तेच वाचे. फक्त जरा पुढचं वाचे."

"हो ताई, सांगते."

त्यांनी फोन ठेवला. मी अजून बाकावरून उठले नव्हते तर पुन्हा त्यांचाच आला.

"लावला काय?"